मे महिन्यात काठोकाठ भरलेलं शेततळं: कौतुक करण्याआधी काय मोजायचं

मे महिन्यात सिन्नर-शिर्डी रस्त्याने किंवा येवल्याहून मनमाडकडे जाताना दोन्ही बाजूंना काळ्या कागदाची, म्हणजे प्लॅस्टिकच्या अस्तराची, शेततळी दिसतात. त्यातलं एखादं काठोकाठ भरलेलं असतं. गाडीतलं कोणीतरी म्हणतं, "बघा, पाणी अडवलं की असं होतं." मला मात्र अशा तळ्याचा संशय येतो. पावसाच्या पाण्यावर भरलेलं उघडं तळं मे महिन्यात काठोकाठ असूच शकत नाही. ऑक्टोबरात भरलेल्या तळ्यातून कोणी थेंबभर पाणी उचललं नाही, तरी मेअखेर ते मीटरभर तरी खाली गेलेलं असायला हवं. तेवढं पाणी ऊन आणि वारा नेतातच. मग हे भरलेलं कसं? मध्ये कधीतरी विहिरीवरची नाहीतर बोअरवरची मोटार चालली.

पाणी साठवायच्या तळ्याचं मूल्यमापन म्हटलं की सरकारी भाषेत बहुतेक वेळा एवढंच विचारलं जातं: किती तळी खोदली, किती टीसीएम साठा झाला, किती अनुदान वाटलं. (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर.) हे आकडे खोटे नसतात, पण त्यातून तळ्याने काय काम केलं ते कळत नाही. ते कळायला सुरुवात करायची ती एका साध्या प्रश्नापासून: तळ्यात पाणी आलं कुठून?

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न जास्तच टोचतो. इगतपुरी-त्र्यंबककडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आत, पर्जन्यछायेतल्या सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड या भागांत पाचशे-साडेपाचशेवर समाधान मानावं लागतं. तोही लहरी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. हे वाळवंट नव्हे. पण वाळवंटातल्या लोकांनी पाणी साठवताना जो हिशेब केला, तो आपल्या पूर्व पट्ट्याला तंतोतंत लागू पडतो.

आधी आवक

हिशेब एका ओळीचा आहे. पाणलोटाचं क्षेत्र गुणिले पाऊस गुणिले वाहून येणारा वाटा. पहिल्या दोन गोष्टी सहज मिळतात. तिसरी फसवी आहे. पडलेल्या पावसातला बराचसा जमिनीत मुरतो, काही उडून जातो, उरलेला वाहतो. बांधबंदिस्ती केलेल्या शेतातून फार थोडं वाहतं, उताराच्या मुरमाड माळावरून जास्त. आपल्याकडच्या शेतजमिनीला ढोबळ दहा टक्के धरून चालू.

पाचशे मिलिमीटर पावसाचे दहा टक्के म्हणजे पन्नास मिलिमीटर. एका एकरावर पन्नास मिलिमीटर पाणी म्हणजे दोन लाख लिटर. आता गंमत बघा. एका एकराला सरी-वाफ्यातून पाण्याची एक पाळी द्यायची तर साधारण पाच सेंटिमीटर पाणी लागतं, म्हणजे तेच दोन लाख लिटर. एका एकरावरून वर्षभरात वाहून आलेलं सगळं पाणी म्हणजे त्याच एकराची एक पाळी. हा एवढा आकडा डोक्यात ठेवला तरी तळ्यांबद्दलचे अर्धे दावे तिथल्या तिथे तपासता येतात.

'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली. तिच्यातलं मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल. बाजू उतरत्या असल्यामुळे तळ २४ बाय २४ चा होतो आणि एकूण साठा २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. एकराला दोन लाख या हिशेबाने ते भरायला अकरा एकरांचं पाणी लागेल. तळ्यावर थेट पडणारा पाऊसही विसरायचा नाही. नऊशे चौरस मीटरवर पाचशे मिलिमीटर पडला तर साडेचार लाख लिटर फुकटात मिळतात, त्यातले काही पावसाळ्यातच उडून जातात ते सोडा. म्हणजे दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या शिवारातून फार तर आठ-साडेआठ लाख लिटर जमतील. बाकीचे तेरा-चौदा लाख लिटर वरच्या रानातून नाल्यावाटे यायला हवेत, नाहीतर ते जमिनीखालून उपसलेले असतात.

त्यामुळे तळ्यावर गेलात की आधी इनलेट, म्हणजे वाहतं पाणी आत यायची वाट, शोधा. कागद टाकलेल्या कितीतरी तळ्यांना तो नसतोच. खोदलेली माती चारही बाजूंनी भरावाला लावून तळं जमिनीच्या वर उचललेलं असतं. शेजारून नाला भरून वाहिला तरी त्याचा थेंब आत जायची सोय नाही. आत येतो तो एक अडीच-तीन इंची पाइप, काठावर दगडाखाली दाबून ठेवलेला. ही पाण्याची टाकी झाली. टाकी वाईट असते असं नाही. सप्टेंबरात विहीर तोंडापर्यंत आलेली असताना, नाला वाहता असताना तिच्यात पाणी घेऊन ठेवलं तर त्यात काही गैर नाही. विहिरीत जागा झाली की शेजारचं पाणी उतरतं. शिवाय वीज रात्री-अपरात्री येते, तेव्हा तळं भरून ठेवायचं आणि दिवसा निवांत ठिबक चालवायचं, ही सोय लहान नाही. पण जानेवारी-फेब्रुवारीत बोअरचं पाणी उपसून उघड्यावर ठेवणं ही गोष्ट वेगळी. जमिनीखाली ते सावलीत होतं, उडत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे ते एकट्याचं नव्हतं.

सरासरीवर विसंबू नका

तळ्याचा आराखडा करताना तालुक्याचा सरासरी पाऊस घेतात. सरासरी पाऊस मात्र कुठल्याच वर्षी पडत नाही. त्याऐवजी आपल्या महसूल मंडळाचे दहा वर्षांचे आकडे घ्या. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर ते मिळतात. सगळ्यात मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या क्रमाने लिहा आणि आठवा आकडा धरा. तेवढा किंवा त्याहून जास्त पाऊस साधारण चारपैकी तीन वर्षं पडतो. तळ्याचा आकार त्या आकड्यावर ठरवायचा.

कमी पावसाच्या वर्षी दुहेरी फटका बसतो, हेही ध्यानात असू द्या. समजा, पाचशेऐवजी तीनशेच मिलिमीटर झाला. पाऊस चाळीस टक्क्यांनी घटला. पण कोरडी जमीन आधी आपली तहान भागवते, त्यामुळे वाहणारा वाटाही दहावरून पाचवर येऊ शकतो. तसं झालं तर वाहून आलेलं पाणी पन्नास मिलिमीटरवरून पंधरावर, म्हणजे सत्तर टक्के कमी. दुष्काळात पाणी मिळावं म्हणून खोदलेलं तळं दुष्काळातच रिकामं राहतं, त्यामागे हे गणित आहे. आणि पाऊस पडला किती यापेक्षा पडला कसा याला जास्त महत्त्व. महिनाभर भुरभुर झाली तर नाला वाहत नाही. हत्तीचा (हस्त नक्षत्राचा) एक पाऊस संध्याकाळी तासभर कोसळला की तळं अर्धं होतं. पूर्व पट्ट्यातल्या जाणत्या माणसाला विचारा, "यंदा पाऊस किती झाला?" तो मिलिमीटर सांगत नाही, "नाला दोनदा निघाला" असं सांगतो. मूल्यमापन करणाऱ्याच्या वहीत हा आकडा पहिल्या पानावर हवा.

थरच्या वाळवंटात हा लहरीपणा टोकाला जातो. जैसलमेरला वर्षाचा सरासरी पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आत, आणि उघड्या पाण्याला उडून जायला वर्षाला दोन मीटरहून जास्त वाव. म्हणजे आकाश जेवढं देतं त्याच्या दहापट मागून घेऊ शकतं. अशा ठिकाणी लोकांनी एकच एक तळं न करता प्रत्येक कामाला वेगळी रचना केली. पिण्याच्या पाण्याला टांका: जमिनीत बांधलेली, वरून झाकलेली टाकी, भोवती चोपून गुळगुळीत केलेलं अंगण, त्याला आगोर म्हणतात. हिशेब करून बघा. पाच माणसांना पिण्या-रांधण्यापुरतं माणशी दहा लिटर धरलं तर वर्षाला सव्वाअठरा हजार लिटर लागतात. दोनशे चौरस मीटरच्या आगोरावर दोनशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा जरी टाकीत उतरला तरी वीस हजार लिटर होतात. कुटुंबाचं वर्ष निघालं. झाकण असल्याने ऊन काही नेत नाही.

शेतीसाठी खडीन. ही पालीवाल ब्राह्मणांनी जैसलमेर भागात काही शतकांपूर्वी रुजवलेली पद्धत. उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालायचा, वरच्या खडकाळ माळाचं पाणी अडवायचं, ते जमिनीत जिरू द्यायचं आणि पाणी ओसरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. एक भाग शेताला पंधरा भाग माळ, असं काहीसं प्रमाण असतं. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस, तिथे प्राचीन काळी नबातियन लोक एका भागाला वीस ते तीस भागांचं पाणी वळवून शेती करत. मायकेल एव्हेनारी या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या शेवटी अवदात आणि शिवता इथली ही जुनी शेतं पुन्हा उभी करून पाणी मोजलं, तेव्हा छोट्या पाणलोटातून दर एकरी जास्त पाणी मिळतं असं दिसलं. मोठ्या पाणलोटात पाणी लांबून येता येता वाटेतच मुरतं.

गावाच्या जनावरांसाठी नाडी, म्हणजे उघडं तळं. नाडीचं माप तिकडे महिन्यांत सांगतात. कुठली पावसानंतर दोन महिने पुरते, कुठली वर्षभर. मला हे माप फार आवडतं. साठा लाखो लिटरमध्ये सांगितला की डोळ्यांपुढे काही येत नाही. "होळीपर्यंत पुरतं" म्हटलं की सगळं कळतं.

उलट प्रकारची जोखीमही वाळवंटातच दिसते. २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांतच वर्षाच्या सरासरीहून कितीतरी जास्त पाऊस झाला आणि कवास गाव पाण्याखाली गेलं. तळ्याला सांडवा आहे का, तो साफ आहे का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. सांडव्याशिवायचं मातीचं तळं एका रात्रीत फुटतं आणि खालच्या शेताची माती घेऊन जातं.

गेलं कुठे: ऊन की पाझर

आता भरलेल्या तळ्याकडे येऊ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज साधारण चार मिलिमीटर पाणी उडतं असं धरा, मार्च ते मे रोज आठ. बेरीज केली की सव्वा मीटरच्या आसपास जाते. तळं तीन मीटर खोल, त्यातलं सव्वा मीटर. "चाळीस टक्के गेलं, साठ उरलं" असं वाटेल, पण तळं वर रुंद आणि खाली अरुंद असतं, त्यामुळे वरचा मीटर खालच्या मीटरहून भारी. मघाचं २२ लाखांचं तळं न वापरता मेअखेरपर्यंत ठेवलं तर त्यात बारा लाख लिटर उरतात. दहा लाख हवेत गेले. उघड्या तळ्यातलं पाणी म्हणजे दारात आणून ठेवलेली बर्फाची लादी: जपून ठेवली तरी वितळते, उद्यासाठी म्हणून ठेवली तर निम्मी गेलेली असते.

म्हणून उथळ पसरट तळ्यापेक्षा लहान तोंडाचं खोल तळं केव्हाही बरं. आपल्याकडे याचा नमुना डोंगरावरच आहे. अंकाई-टंकाईसारख्या किल्ल्यांवर कातळात कोरलेली पाण्याची टाकी बघा. बसॉल्टमध्ये खोल उतरवलेली, बरीचशी सावलीत, पाझर जवळजवळ नाही. ती कोरणाऱ्यांनी बाष्पीभवनाचा तक्ता पाहिलेला नव्हता, पण उन्हाळा पाहिलेला होता.

तळं ऊनाने खाली गेलं की पाझराने, हे ओळखायला यंत्र लागत नाही. एक पीव्हीसी पाइप घ्या, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि तळ्यात उभा रोवा. कागद असेल तर रोवायचा नाही, फाटेल. काठावरून खुणेची दोरी सोडा. पांढऱ्या बादलीच्या तळाशी एक-दोन दगड ठेवा, तिच्यात तळ्याचंच पाणी भरा, आणि ती तळ्यात तरंगती बांधून ठेवा. बादलीतलं आणि बाहेरचं पाणी जवळपास एका पातळीत हवं. मग पाच दिवस मोटार बंद. पाऊस नको, आवक नको. बादलीतून पाणी फक्त उडू शकतं; तळ्यातून उडतंही आणि पाझरतंही. समजा पाच दिवसांत बादली तीन सेंटिमीटर उतरली आणि तळं सात. मधले चार सेंटिमीटर पाझर. पाण्याचा पृष्ठभाग साडेआठशे चौरस मीटर असेल तर पाच दिवसांत चौतीस हजार लिटर जमिनीत गेले. बादलीवर जाळी बांधायला विसरू नका, नाहीतर कावळे पाणी पितात आणि तुमचं शास्त्र बुडतं.

हे चौतीस हजार लिटर वाईट की चांगले? ते तळ्याच्या जातीवर अवलंबून. कागदी तळ्यात एवढा पाझर म्हणजे कुठेतरी घुशीने नाहीतर काट्याने कागद फाडलाय, ताबडतोब शोधा. पण पाझर तलाव किंवा बिनकागदाचं मुरमातलं तळं असेल तर हेच त्याचं काम आहे. खाली कोणाची विहीर असेल तर तिची पातळी त्याच दिवसांत मोजा. वाढली किंवा घसरायची थांबली तर तळं पास. डिसेंबरात कोरडा पडलेला पाझर तलाव पाहून "पाणी टिकत नाही, काम निकृष्ट" असा शेरा मारणारे अधिकारी असतात, आणि त्याच तलावात मेपर्यंत पाणी दिसलं तर खूश होणारेही. मेपर्यंत पाणी टिकलेला पाझर तलाव म्हणजे ज्याच्या तळाला गाळाचं अस्तर बसलंय आणि जो आता पाझरत नाही, असा तलाव. दख्खनच्या कातळात पाणी मुरतं ते मुरमाच्या थरात आणि भेगांतून. बारीक गाळाने त्या भेगा बुजल्या की खेळ संपला. गाळ काढायला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' सारखी योजना आहे, शिवाय काढलेला गाळ हलक्या रानात टाकायला शेतकरी तयारच असतात. साठ्याच्या तळ्यातही गाळ मोजावा: वजन बांधलेली दोरी चार-पाच ठिकाणी सोडा, मूळ खोलीतून वजा करा. इनलेटच्या अलीकडे एक खड्डा असला की बराच गाळ तिथेच बसतो.

पाण्याने काय केलं

समजा तळं खरोखर पावसाने भरलं, पाझर नाही. त्या २२ लाख लिटरचं करायचं काय? वाफ्यात पाणी भरून उन्हाळ कांदा घ्यायचा तर दहा-बारा पाळ्या. एका एकराला वीस-चोवीस लाख लिटर. एक एकर कांद्यात तळं संपलं, तेही बाष्पीभवन बाजूला ठेवून. ठिबक किंवा तुषार असेल तर क्षेत्र वाढेल. डाळिंबाची बाग ठिबकवर, एकरी तीनशे झाडं, उन्हाळ्यात झाडामागे रोज चाळीस लिटर धरले तर मार्च ते मे साधारण अकरा लाख लिटर. म्हणजे उडून उरलेल्या पाण्यात एक एकर बाग उन्हाळा काढते.

तिसरा पर्याय कोणाला फारसा सुचत नाही. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली, मका तुऱ्यावर आलेला. तेव्हा एकरी एक पाळी, दोन लाख लिटर, म्हणजे पीक हातात. तळं निम्मं जरी भरलेलं असेल तर पाच एकर मका वाचतो, आणि नंतर हत्तीच्या पावसात तळ्याला पुन्हा भरायची संधी मिळते. एकाच तळ्याचं पाणी वर्षात दोनदा वापरलं गेलं. आणि ऑगस्टमध्ये वापरलेल्या पाण्याला बाष्पीभवनाचा मार्चसारखा चटका बसत नाही. माझ्या मते शेततळ्याची खरी कमाई इथे आहे. पण मक्याला मिळणारा भाव आणि डाळिंबाला मिळणारा भाव बघितला की शेतकरी पाणी बागेसाठी का राखून ठेवतो तेही समजतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मूल्यमापनात फक्त दोन्ही रकाने असावेत: लिटरमागे पैसे किती, आणि लिटरमागे किती एकर वाचले.

खर्चाच्या बाजूला एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे जमीन. ३० बाय ३० म्हणजे नऊ गुंठे पाण्याखाली, आणि भराव धरला तर आणखी चार-पाच. दोन एकरवाल्याच्या ऐंशी गुंठ्यांतले तेरा-चौदा गुंठे गेले. दहा एकरवाल्याला हे जाणवत नाही. ज्याला तळ्याची जास्त गरज त्यालाच ते जास्त महाग पडतं.

आणि कुंपण. ओला कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. पोरं, जनावरं, मोटार बघायला गेलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर आत सोडलेला, भोवती तारेचं कुंपण आणि काठावर एक हवा भरलेली ट्यूब. हे नसेल तर बाकी गुण कितीही मिळोत, ते तळं नापास.

एका तळ्याचा नफा, शिवाराचा तोटा

एकेक तळं तपासून झालं तरी काम संपत नाही, कारण शिवारात तळी सुटी नसतात. वरच्या अंगाला वीस तळी झाली की खालच्या बंधाऱ्यात पाणी उशिरा येतं किंवा येतच नाही. आणि बोअरवर भरलेली वीस तळी असली तर गावाच्या सामायिक पाण्याचे वीस खासगी हिस्से झाले, त्यातला बराचसा भाग परत उन्हात गेला. तळ्यांच्या मालकांना विचाराल तर योजना यशस्वी. गावकुसाच्या विहिरीला विचाराल तर उत्तर वेगळं.

मोसम नदीच्या काठी, बागलाणकडे, जुनी फड पद्धत होती. बंधाऱ्याखालचं क्षेत्र फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेलं, आणि पाणी कमी असलं की सगळ्यांनी मिळून कमी फड भिजवायचे. एकाच्या शेतात पाट आणि दुसऱ्याचं कोरडं, असं होऊ नये याची तजवीज रचनेतच होती. शेततळ्याच्या योजनांत अशी तजवीज नाही. आहे तो पाणी उचलण्याचा ज्याचा-त्याचा जोर.

मग शिवाराच्या पातळीवर मोजायचं काय? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या पाणलोटातली विहीर शोधा आणि तळ्यांच्या आधीची-नंतरची वर्षं लावून बघा. पण नुसतं आधी-नंतर बघणं घातक. २०१८ चा दुष्काळ आणि २०१९ चा धो-धो पाऊस आठवा. २०१८ च्या उन्हाळ्यात खोदलेलं काहीही २०१९ मध्ये यशस्वीच दिसणार, खड्डासुद्धा. म्हणून शेजारचं, तळी नसलेलं पण सारख्याच पावसाचं आणि सारख्याच मातीचं एखादं गाव सोबत घ्यायचं. दोन्ही गावांत पातळी दोन मीटरने वाढली असेल तर श्रेय पावसाचं. जलयुक्त शिवार अभियानाबद्दल 'कॅग'ने २०२० मध्ये जो अहवाल दिला, त्यात भूजल पातळी वाढवण्यात या कामांचा परिणाम फारसा दिसत नाही असं म्हटलं होतं. त्यावर राजकारण भरपूर झालं. मोजण्याची शिस्त गावोगाव आली असती तर ते भांडण बरंचसं आकड्यांवर मिटलं असतं.

आता एक हत्यार फुकट मिळालंय. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं साधारण पाच दिवसांनी येतात आणि कोणालाही बघता येतात. त्यातला एक ठिपका दहा मीटरचा, म्हणजे आपलं तळं त्यात जेमतेम तीन बाय तीन ठिपक्यांचं. काठाचे ठिपके गोंधळ घालतात आणि काळा कागद पाण्यासारखा भासतो, त्यामुळे साठ्याचा अचूक आकडा त्यातून काढू नये. पण तारीख मात्र नेमकी कळते. तळं सप्टेंबरात भरलं, डिसेंबरात उतरलं आणि पावसाचा टिपूस नसताना फेब्रुवारीत पुन्हा भरलं, हे चित्रांच्या ओळीत स्पष्ट दिसतं. अख्ख्या तालुक्याची तळी अशी तपासता येतील. कुठली पावसावर चालतात, कुठली बोअरवर, ते जाहीर यादीत मांडता येईल. ही यादी कोणाला अडकवायला नको. पुढचं अनुदान कागदाला द्यायचं की नाल्यातून तळ्यात येणाऱ्या इनलेटला, हे तिच्यावरून ठरवता येईल.

उपग्रह नको असेल तर ग्रामपंचायतीत एक तारीख विचारा: गावात पहिला टँकर कधी आला? गेल्या दहा वर्षांच्या तारखा पावसाच्या आकड्यांशेजारी लिहा. सारख्याच पावसाच्या दोन वर्षांत, तळ्यांच्या आधी टँकर एप्रिलात येत असेल आणि तळ्यांनंतर फेब्रुवारीत येऊ लागला असेल, तर शिवारातली तळी मोजत बसायची गरज नाही. आधी बोअर मोजा.